शेजारी हायड्रोजन आहे का?

बारावीच्या रसायनशास्त्रात आल्डिहाइडे आणि कीटोने यांचे प्रकरण आले की बहुतेक मुले पाठांतराला लागतात. टोलेन्स, फेलिंग, कॅनिझारो, क्लेमेन्सन, अल्डॉल ही नावे परीक्षेपुरती घोकली जातात आणि निकाल लागेपर्यंत डोक्यातून निघूनही जातात. याचे मनापासून वाईट वाटते, कारण सेंद्रिय रसायनशास्त्रात इतके सुसंगत प्रकरण क्वचितच सापडेल. त्याचा सगळा डोलारा दोन गोष्टींवर उभा आहे. पहिली गोष्ट म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातला एक दुहेरी बंध. दुसरी म्हणजे त्या कार्बनला लागून हायड्रोजन आहे की नाही, हा प्रश्न. एवढे नीट समजले, तर दालचिनीचा वास, लघवीतल्या साखरेची तपासणी, विषारी दारूने जाणारी दृष्टी आणि फॉर्मेलिन मारलेली मासळी या सगळ्यांचा उलगडा एकाच सूत्राने होतो.

एक बंध आणि दोन जागा

कार्बनला चार बंध लागतात. ऑक्सिजनशी दुहेरी बंध जुळला की त्यांतले दोन खर्ची पडतात. या जोडीला कार्बोनिल गट म्हणतात. कार्बनकडे आता दोन जागा उरतात. दोन्ही जागी कार्बनच असतील, तर तो पदार्थ कीटोन. एका जागी हायड्रोजन आणि दुसऱ्या जागी कार्बन असेल, तर आल्डिहाइड. दोन्हीकडे हायड्रोजन असलेले एकच आल्डिहाइड आहे, ते म्हणजे फॉर्माल्डिहाइड. या कुळातला तो सर्वांत लहान रेणू. त्यातला एक हायड्रोजन काढून तिथे मिथिल गट बसवला की ॲसिटाल्डिहाइड होते. दुसऱ्या जागीही मिथिल गट आला की ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या बाटलीतला तो पटकन उडून जाणारा द्रव.

या बंधातले इलेक्ट्रॉन दोघांत सारखे वाटलेले नसतात. ऑक्सिजन ते आपल्याकडे ओढतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या टोकाला किंचित ऋणभार आणि कार्बनच्या टोकाला किंचित धनभार येतो. याचा पुरावा उत्कलनबिंदूत दिसतो. प्रोपेन, ॲसिटाल्डिहाइड आणि इथेनॉल यांचे रेणू वजनाला जवळपास सारखे आहेत. पण प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ॲसिटाल्डिहाइड सुमारे २० अंशांना आणि इथेनॉल ७८ अंशांना. ॲसिटाल्डिहाइडच्या रेणूंची धन-ऋण टोके एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ते प्रोपेनसारखे सहज उडून जात नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन आणखी घट्ट बांधणी करतो. ती सोय ॲसिटाल्डिहाइडला नाही, म्हणून ते मध्ये राहते.

मधल्या या स्थितीमुळेच ही कुळे आपल्या ओळखीची झाली आहेत. त्यांतले पुष्कळ रेणू हवेत उडून नाकापर्यंत पोहोचण्याइतके हलके असतात, आणि नाकातल्या ग्राहकांना पकडता येईल असे धन-ऋण टोकही त्यांच्यापाशी असते.

मसाल्याच्या डब्यातली कार्बोनिले

दालचिनीचा वास सिनॅमाल्डिहाइडचा. जिऱ्याचा वास मुख्यतः क्युमिनाल्डिहाइडचा. आल्याच्या चहात घालतो त्या गवती चहाच्या तेलात सुमारे ७० ते ८० टक्के सिट्रल असते, आणि सिट्रल हेही आल्डिहाइडच. लिंबाच्या सालीतही ते थोडे असते, म्हणून गवती चहा आपल्याला लिंबाची आठवण करून देतो. व्हॅनिलाचा मुख्य घटक व्हॅनिलिन. जर्मनीतल्या फर्डिनंड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी १८७४ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले आणि कृत्रिम सुगंधांच्या उद्योगाचा पाया घातला. कोथिंबिरीच्या पानांतही दहा कार्बनांच्या आसपासची आल्डिहाइडे असतात. काही जणांना कोथिंबिरीला साबणासारखा वास येतो तो त्यांच्यामुळेच.

कीटोनेही मागे नाहीत. देवापुढे जाळतो तो कापूर कीटोन आहे. ताज्या लोण्याच्या वासात डायॲसिटिल असते, त्यात दोन कार्बोनिल गट शेजारी शेजारी बसलेले असतात. लोणी कढवून तूप करताना घरभर जो वास पसरतो, त्यात मिथिल कीटोनांचा मोठा वाटा आहे. आंबेमोहोर शिजायला लागला की सुटणारा घमघमाट, आणि बासमतीचाही, ज्या रेणूमुळे येतो तो २-ॲसिटिल-१-पायरोलीन. त्यालाही कीटोनाचाच गट आहे, आणि तो इतका तीव्र आहे की अगदी नाममात्र प्रमाणातही नाकाला कळतो. उलट बाजूही आहे. जुन्या शेंगदाण्यांना, सुक्या खोबऱ्याला, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाला खवट वास येतो, तेव्हा तेलातली असंतृप्त मेदाम्ले हवेतल्या ऑक्सिजनने तुटून त्यांची हेक्झानालसारखी आल्डिहाइडे झालेली असतात.

यांत एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. बाळंतिणीला देतात तो बाळंतशेपा आणि स्पिअरमिंट जातीचा पुदिना या दोन्हींच्या वासामागे एकच कीटोन आहे, कार्व्होन. दोन्हीकडे तेच अणू, त्याच क्रमाने जोडलेले. उत्कलनबिंदू तोच, रासायनिक कसोट्यांना उत्तरेही तीच. तरीही एकाचा वास दुसऱ्याला लागत नाही. कारण पुदिन्यातला रेणू हा शेप्यातल्या रेणूची आरशातली प्रतिमा आहे. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात नीट बसत नाही, तसे हे दोन रेणू नाकातल्या एकाच ग्राहकात सारखे बसत नाहीत. ते ग्राहकही प्रथिनांचे बनलेले आणि स्वतः डावे-उजवे असतात, म्हणून हा फरक त्यांना कळतो. वासाचे ज्ञान हे रेणूच्या आकाराचे ज्ञान आहे, हे समजायला यापेक्षा स्वस्त प्रयोग नाही. बाळंतशेपा चुरगाळा, पुदिन्याचे पान चुरगाळा आणि आलटून पालटून हुंगा.

हायड्रोजनमुळे काय बदलते

कुठल्याही जुन्या प्रयोगशाळेत बेन्झाल्डिहाइडची बाटली काढून पाहा. बुचाभोवती आणि गळ्याशी पांढरे स्फटिक जमलेले असतात. ते बेन्झॉइक आम्ल. बाटली उघडली-मिटली जाताना आत गेलेल्या हवेतल्या ऑक्सिजनने आल्डिहाइडाचे आम्ल करून टाकलेले असते. शेजारच्या फळीवरचे ॲसिटोन मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते.

फरक त्या एका हायड्रोजनचा आहे. आल्डिहाइडाच्या कार्बोनिल कार्बनला लागून असलेला हायड्रोजन बाजूला होऊन तिथे ऑक्सिजन सहज येऊ शकतो, आणि आल्डिहाइडाचे आम्ल बनते. कीटोनात दोन्हीकडे कार्बन असल्यामुळे ऑक्सिडीकरण करायचे तर कार्बन-कार्बन बंधच तोडावा लागतो. सौम्य अभिकारकांना ते झेपत नाही.

आल्डिहाइड ऑक्सिजन घेते, तेव्हा कुणीतरी दुसरे क्षपित होते. टोलेन्सच्या कसोटीत ते काम चांदीच्या वाट्याला येते. स्वच्छ परीक्षानळीत अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट, त्यात आल्डिहाइडाचे थेंब, आणि मग गरम पाण्यात नळी धरली की आतल्या काचेवर चांदीचा लखलखीत थर चढतो. युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये ॲसिटाल्डिहाइडचा हा गुण नोंदवला. त्या काळी आरशांना कथील आणि पारा यांचा मुलामा देत आणि पाऱ्याच्या वाफांनी कारागिरांचे शरीर पोखरले जाई. चांदीच्या आरशांनी पुढे ती पद्धत मोडीत काढली.

बेनेडिक्टच्या कसोटीत चांदीच्या जागी तांबे असते. नीलवर्णी द्रावणात ग्लुकोज घालून उकळले की रंग हिरवा, मग पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा तांबडा होतो. साखर जितकी जास्त, तितका रंग तांबड्याकडे सरकतो. घरोघरी ग्लुकोमीटर येण्याआधी कित्येक वर्षे मधुमेह्यांची लघवी अशीच तपासली जात होती. तांबडा रंग येतो तो ग्लुकोजच्या आल्डिहाइड गटाने तांब्याचे क्षपण केल्यामुळे.

इथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. पाण्यात विरघळलेल्या ग्लुकोजचे जवळजवळ सगळे रेणू कड्याच्या रूपात बंद असतात. आल्डिहाइड गट मोकळा असलेला रेणू हजारात एकही सापडत नाही. तरीही कसोटी लागते, कारण मोकळे रेणू खर्ची पडले की बंद रेणू उघडून त्यांची जागा भरत राहतात. आपल्या चहातल्या साखरेला ही सोय नाही. तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आपापल्या कार्बोनिल टोकांनीच एकमेकांना बांधलेले असतात. त्यामुळे खडीसाखरेच्या पाण्यात बेनेडिक्टचे द्रावण निळेच राहते आणि मधात ते लगेच तांबडे होते. पाकात लिंबू पिळतात तेव्हा आम्लामुळे हाच बंध काही प्रमाणात तुटतो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळे होतात आणि स्फटिकांच्या जुळणीत अडथळा आणतात. म्हणून पाकाची पुन्हा साखर होत नाही.

चौकस विद्यार्थी इथे विचारतो, फ्रुक्टोजात तर कीटोनाचा गट आहे, मग तीही ही कसोटी कशी देते? प्रश्न रास्त आहे. फ्रुक्टोजच्या कार्बोनिल कार्बनलगतच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो. अल्कलीत अशा रेणूतले हायड्रोजन जागा बदलतात आणि कीटोनाचे आल्डिहाइड होऊन बसते. बेनेडिक्टचे द्रावण अल्कधर्मीच असल्यामुळे फ्रुक्टोजला रूप बदलायला तिथे वाव मिळतो.

यकृतातली पायरी

आल्डिहाइडाची ही आम्ल होण्याची ओढ आपल्या यकृतात रोज कामाला येते. पोटात गेलेल्या इथेनॉलचे यकृतातले एक विकर ॲसिटाल्डिहाइड करते आणि दुसरे विकर लगेच त्याचे ॲसिटिक आम्ल करते. ॲसिटाल्डिहाइड विषारी असते, म्हणून दुसरी पायरी वेगाने पार पडणे महत्त्वाचे. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांत हे दुसरे विकर मंद असते. थोड्या मद्यानेही त्यांचा चेहरा लाल होतो आणि छाती धडधडते. व्यसनमुक्तीसाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध मुद्दाम हीच पायरी अडवते, म्हणजे मद्य घेतले की शरीर तत्काळ तक्रार करते.

इथेनॉलऐवजी मिथेनॉल पोटात गेले, तर विकरे तीच असतात आणि फळ भयंकर असते. मिथेनॉलपासून फॉर्माल्डिहाइड बनते आणि त्यापासून फॉर्मिक आम्ल. हे आम्ल शरीरातून हळूहळू बाहेर पडते, साचत जाते, पेशींचा श्वास कोंडते आणि दृष्टीची नस जाळते. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा रुग्णावरचा एक उपचार रसायनशास्त्रातूनच आला आहे. पहिल्या विकराला फोमेपिझोल या औषधाने अडवायचे, किंवा ते न मिळाल्यास वैद्यकीय देखरेखीखाली इथेनॉल देऊन विकराला त्यात गुंतवून ठेवायचे. मिथेनॉल मग न बदलता शरीराबाहेर काढता येते. विष मिथेनॉलपेक्षा त्याच्यापासून पुढे बनणाऱ्या पदार्थांत आहे, हे कळल्यामुळेच हा उपाय सुचला.

धनभारित कार्बन आणि प्रथिने

कार्बोनिल कार्बनवर किंचित धनभार असतो, हे वर आलेच आहे. इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी बाळगणारा कुठलाही अणू त्याच्याकडे धाव घेतो. प्रथिनांवर असे अणू भरपूर असतात, ते म्हणजे अमिनो गटांतले नायट्रोजन. आल्डिहाइडात कार्बनभोवती गर्दी कमी असते, म्हणून नायट्रोजनला तिथे पोहोचणे सोपे जाते. कीटोनात दोन्हीकडे कार्बनांचे गट दाटीने बसलेले असतात आणि ते कार्बनवरचा धनभारही थोडा भरून काढतात. म्हणून या बाबतीतही कीटोन संथ.

सर्वांत मोकळा कार्बन फॉर्माल्डिहाइडचा, आणि म्हणूनच ते इतके आक्रमक. पाण्यातले त्याचे सुमारे ३७ टक्के द्रावण म्हणजे फॉर्मेलिन. ते एका प्रथिनाच्या नायट्रोजनला धरते, मग दुसऱ्याला, आणि दोघांमध्ये कार्बनचा पूल बांधते. असे असंख्य पूल बांधले गेले की ऊती घट्ट होतात, कुजवणाऱ्या जिवाणूंचीही प्रथिने निकामी होतात आणि शवविच्छेदनातला नमुना वर्षानुवर्षे टिकतो. हीच करणी जिवंत शरीरात घातक ठरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. जुलै २०१८ मध्ये मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयाने गोवा हादरला आणि सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घातली. गोव्यातल्या घरांत मासळी रोजच्या ताटातली असल्यामुळे ती भीती अगदी रास्त होती.

नायट्रोजन आणि आल्डिहाइड यांची हीच गाठ आपल्या रक्तात सावकाश पडत असते. ग्लुकोजचे मोकळे आल्डिहाइड टोक हिमोग्लोबिनच्या साखळीच्या सुरुवातीच्या अमिनो गटाला चिकटते. त्यासाठी विकर लागत नाही. रक्तात साखर जितकी जास्त, तितक्या गाठी जास्त. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून या गाठी मोजल्या की मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर कळते. डॉक्टर तीन महिन्यांची साखर म्हणून जी चाचणी लिहून देतात, ती हीच. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून आकडा सुधारत नाही तो यामुळे.

आणि ही ओळ वाचताना डोळ्यांतही तीच गाठ काम करते आहे. अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनाल हे आल्डिहाइड दृष्टिपटलातल्या ऑप्सिन प्रथिनाच्या नायट्रोजनला बांधलेले असते. प्रकाश पडला की रेटिनालच्या वाकलेल्या साखळीचा बाक सेकंदाच्या अब्जांश भागापेक्षाही कमी वेळात सरळ होतो. प्रथिनाचा आकार त्याबरोबर बदलतो आणि मेंदूकडे संकेत निघतो. जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक याच क्षेत्रातल्या संशोधनासाठी मिळाले. अ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा का येतो, हे यातून सरळ कळते.

श्वासातले ॲसिटोन

कीटोन संथ असले तरी शरीरात त्याला महत्त्व आहे. इन्शुलिन फार कमी पडले की पेशींना ग्लुकोज वापरता येत नाही आणि यकृत चरबी तोडून ॲसिटोॲसिटिक आम्ल आणि त्याचे भावंड बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल मोठ्या प्रमाणात तयार करू लागते. दीर्घ उपवासात हे थोडे बनतातच आणि मेंदूला इंधन म्हणून उपयोगी पडतात. मधुमेहात ते आवाक्याबाहेर गेले की रक्त आम्लधर्मी होते. ॲसिटोॲसिटिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की उरते ॲसिटोन. ते श्वासातून बाहेर पडते आणि तोंडाला पिकल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. मधुमेही माणसाला असा वास येत असेल, जोडीला उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर वाट पाहू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

लघवीची नेहमीची कीटोन पट्टी ॲसिटोॲसिटिक आम्लाला रंग देते, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्लाला देत नाही. कारण त्या दुसऱ्याच्या रेणूत कीटोनाचा गटच नाही. ‘कीटोन बॉडीज’ म्हणून दोघांना एकत्र मोजण्याची वैद्यकातली रीत असली, तरी कसोटी रचनेलाच उत्तर देते.

शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन

कार्बोनिल कार्बनच्या लगतच्या कार्बनवरही हायड्रोजन असतात. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे ओढले गेल्याने तेही सैल पडतात आणि अल्कलीने निघू शकतात. कर्क्युमिनमध्ये दोन कार्बोनिलांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन तर फारच सैल असतो. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, तो कर्क्युमिनचे हायड्रोजन सुटून रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलल्यामुळे.

हायड्रोजन गेलेला असा कार्बन दुसऱ्या रेणूच्या धनभारित कार्बोनिल कार्बनला जाऊन जुळतो आणि नवा कार्बन-कार्बन बंध तयार होतो. अल्डॉल अभिक्रिया ती हीच, आणि लहान रेणूंतून मोठे रेणू घडवण्याची ही एक मोठी वाट आहे. टीमान आणि पाउल क्र्यूगर यांनी १८९३ मध्ये गवती चहातल्या सिट्रलला ॲसिटोनाशी असेच जोडले आणि पुढे आम्लाच्या साहाय्याने त्यातून आयोनोन मिळवले. त्याला व्हायोलेट फुलांचा वास आहे. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीत ओटो इसलर यांनी त्याच आयोनोनच्या एका रूपापासून अ जीवनसत्त्वाचे औद्योगिक संश्लेषण साधले. एक आल्डिहाइड आणि एक कीटोन जोडून निघालेली ही वाट शरीरात पुन्हा रेटिनाल या आल्डिहाइडापाशी येते.

आता एक नवा रेणू

पाठांतर आणि समज यांतला फरक अनोळखी उदाहरणाने तपासता येतो. ग्लुटाराल्डिहाइड घ्या. पाच कार्बनांची साखळी आणि तिच्या दोन्ही टोकांना आल्डिहाइड गट. काय अपेक्षा ठेवायची? दोन्ही टोकांना मोकळे, धनभारित कार्बन आहेत. म्हणजे एक टोक एका प्रथिनाला धरेल आणि दुसरे टोक दुसऱ्याला. पूल लांब आणि मजबूत बांधला जाईल. जिवाणूंना हे मारक ठरेल, त्वचेला आणि श्वासनलिकेला झोंबेल, आणि मऊ ऊती टिकाऊ होतील.

तिन्ही अंदाज खरे आहेत. उष्णतेत टाकता न येणारी एन्डोस्कोपसारखी उपकरणे रुग्णालयात ग्लुटाराल्डिहाइडच्या दोन टक्क्यांच्या द्रावणात बुडवून निर्जंतुक करतात. ते हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हातमोजे आणि मोकळी हवा लागते. आणि फ्रेंच शल्यविशारद अलँ कार्पांतिए यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस डुकराच्या हृदयातल्या झडपा याच आल्डिहाइडाने मुरवून माणसाच्या हृदयात बसवण्याजोग्या केल्या. ऊतींपासून बनवलेल्या झडपांवर आजही बहुधा हीच प्रक्रिया होते. रेणूचे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलालाही फक्त बंध आणि शेजार पाहून हे सगळे आधीच सांगता येते. बारावीच्या त्या प्रकरणातून विद्यार्थ्याने न्यायची गोष्ट हीच आहे, आणि शिक्षकाने पहिल्या तासाला सांगायचीही हीच.